मेनच्या आधीच फ्लोटिंग पॉइंटची सेटिंग कोण बदलून गेलं ते असं शोधा

मेन या फंक्शनपासून प्रोग्राम सुरू होतो असं कॉलेजात सांगतात, पण त्याच्या आधी रनटाइमचा (प्रोग्रामसोबत आपोआप जोडला जाणारा) स्टार्टअप कोड पळून गेलेला असतो आणि फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे अपूर्णांकी आकड्यांच्या हिशेबाच्या, सेटिंगला हात लावायचा असेल तर तो तिथंच लावतो. इकडे नाशिकच्या सातपूर-अंबडला मशीनच्या व्हायब्रेशनचं सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं भेटली की हेच विचारतात, दादा कोड तोच, डेटा तोच, फक्त एक लायब्ररी जोडली तर एकदम बारीक आकडे सरळ शून्य कसे काय होतात?

कोड वाचत बसू नका. लिनक्सवर जीडीबी हा डीबगर लावा, मेनवर ब्रेकपॉइंट टाका (प्रोग्राम तिथं थांबतो) आणि एमएक्ससीएसआर रजिस्टर बघा, प्रोसेसर ही सेटिंग तिथंच ठेवतो. १एफ८० दिसलं तर कुणी हात लावलेला नाही. ९एफसी० दिसलं तर फ्लश-टू-झिरो आणि डीनॉर्मल्स-आर-झिरो दोन्ही बिट चालू आहेत, म्हणजे डबल या ६४ बिटच्या आकड्यात साधारण २.२ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात, त्याहून बारीक सगळं शून्य धरलं जाणार. मध्येच १एफए० दिसलं तर घाबरू नका, ती नुसती राउंडिंग झाल्याची खूण आहे.

आरोपी बहुतेक वेळा जीसीसी या कंपायलरचा वेगासाठीचा फास्ट-मॅथ पर्याय. लिंक करताना तो असला की क्रटफास्टमॅथ नावाची छोटी ऑब्जेक्ट फाइल गुपचूप चिकटते आणि मेनच्या आधी हे बिट लावते. जीसीसी १३ च्या आधी (ते २०२३ ला आलं) शेअर्ड लायब्ररीलाही (प्रोग्राम चालताना बाहेरून जोडली जाणारी) ती चिकटायची, आणि हे फारच वाईट, कारण लायब्ररी बनवणाऱ्याला वेग पाहिजे होता आणि भोगतो तुमचा प्रोग्राम. त्यात सेटिंग प्रत्येक थ्रेडची (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) वेगळी असते, लायब्ररी चालू प्रोग्राममध्ये लोड केली तर ज्या थ्रेडने केली तो बदलतो, त्याने पुढे जन्माला घातलेले थ्रेड तेच घेतात, आधीचे मात्र जुन्याच सेटिंगवर. म्हणून उत्तर कधी बरोबर, कधी चूक.

खात्री करायला ऑब्जडम्प या टूलने लायब्ररी उघडून एलडीएमएक्ससीएसआर, म्हणजे ते रजिस्टर बदलणारी सूचना, शोधा. सोर्स हातात असेल तर नवीन जीसीसीने परत बिल्ड करा, नसेल तर लोड करायच्या आधी फेगेटएन्व्ह या फंक्शनने सेटिंग जपून ठेवा आणि लोड झाल्याझाल्या फेसेटएन्व्हने परत बसवा. फिल्टरला वेगासाठी हे बिट खरंच हवे असतील तर त्याच थ्रेडमध्ये स्वतः लावा, काम झालं की काढा.

३२ बिटचा जुना कोड असेल तर एक्स८७ चा, म्हणजे प्रोसेसरच्या जुन्या फ्लोटिंग पॉइंट भागाचा, कंट्रोल वर्डही बघा, लिनक्सवर ३७एफ म्हणजे ६४ बिटची अचूकता, मायक्रोसॉफ्टचं रनटाइम २७एफ लावतं म्हणजे ५३ बिट, शेवटचे अंक जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळेच. जीसीसीला एक्स८७ ऐवजी नवीन एसएसई२ सूचना वापरायला सांगा, निम्मी कटकट तिथंच मिटते.