आरटीईचा अर्ज भरताना: कागदपत्रं, बलून आणि दहा शाळांची यादी

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ च्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेच्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मिळतात. अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू नाही. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि निवड लॉटरीने होते. लॉटरी कुणाच्याच हातात नाही, पण नंबर लागूनही गमावलेल्या बऱ्याच जागा अर्जातल्या चुकांमुळेच जातात.

सुरुवात घटकापासून करा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग, अनाथ आणि एचआयव्हीबाधित ही मुलं वंचित घटकात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी पालकाचं वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत हवं. जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच लागतो, परराज्यातला चालत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र हवं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा चालेल हे त्या वर्षीच्या सूचनांत पाहा. वयाची मर्यादाही तिथेच असते. अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि दाखल्याला वेळ लागतो, म्हणून दाखले आधीच काढून ठेवा.

निवासाचा पुरावा हा सगळ्यात नाजूक भाग आहे. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा असावा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेला करार पडताळणीत टिकत नाही. घाईत अर्जानंतर केलेल्या नोंदणीचं तेच होतं, आणि मुलाची जागा तारखेपायी जाते.

ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर लाल बलून, म्हणजे ठिकाणाची खूण, ठेवून घराचं ठिकाण दाखवायचं असतं. त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, मग ३ किलोमीटरपर्यंतच्यांना. बलून ५ पेक्षा जास्त वेळा हलवता येत नाही. घराच्या छतावर उभं राहून मोबाइलवर ठिकाण पक्कं करा, मगच बलून ठेवा. चांगल्या शाळेच्या जवळ येण्यासाठी तो मुद्दाम सरकवू नका. नंबर लागल्यावर पडताळणी समिती पत्ता आणि बलून ताडून पाहते, आणि फरक आढळला तर प्रवेश रद्द होतो. सायबर कॅफेत अर्ज भरून घेत असाल तर बलून ठेवताना स्वतः शेजारी बसा.

एका मुलाचा एकच अर्ज. जास्त संधी मिळेल म्हणून दोन भरले तर मूल लॉटरीतूनच बाहेर जातं. आधी आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलाचा अर्जही चालत नाही.

दहापर्यंत शाळा निवडता येतात, पण दहा भरल्याच पाहिजेत असं नाही. मिळालेली शाळा नाकारली तर पुढच्या फेरीत संधी मिळत नाही. म्हणून मुलाला रोज नेऊन सोडता येईल अशीच शाळा यादीत घाला. तिथे आधी जाऊन बस, सहली, उपक्रम यांचा खर्च विचारा. शिक्षण मोफत असलं तरी याचे पैसे मागितले जातात. या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला पैसे देतं (प्रतिपूर्ती), जी अनेक वर्षं प्रति मूल १७,६७० रुपयांपर्यंत होती; ती थकली की शाळेची कुरबुर पालकांपर्यंत येते.

याच यादीसोबत गावातल्या किंवा वॉर्डातल्या सरकारी शाळेचाही प्रामाणिकपणे विचार करा. शिक्षक किती आहेत, तिसरीचं मूल मराठी परिच्छेद वाचतं का, हे एका सकाळी जाऊन पाहता येतं. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट, असा बदल राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. तो रद्द होणं योग्यच होतं, कारण निवड पालकाची असायला हवी. पण जवळची शाळा न पाहता केलेली निवड अपुरीच राहते.

निकालासाठी एसएमएसची वाट पाहत बसू नका, पोर्टलवर अर्जक्रमांक टाकून रोज पाहा. प्रतीक्षायादीतल्यांनी तर नक्कीच. मूळ कागद आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन मुदतीत पडताळणी समितीकडे जा. शाळेने मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतली तर कलम १३ नुसार पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे; लेखी तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

आणि हा हक्क आठवीपर्यंतचा आहे. नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते. सध्याची नववीची फी आजच विचारा. ती झेपणारी नसेल तर आठवीनंतर मूल कोणत्या शाळेत जाईल हे यादी करतानाच ठरवा.