गॅसची भट्टी घरी बांधताना: बाकी सगळं सोपं, बर्नर सोडून

लोहारकामाची हौस लागली की लोक आधी हातोडे विकत घेतात. तसं करू नका. एक सकाळ घिसाड्याच्या पालाशेजारी बसून काढा. पेरणीच्या आधी ही मंडळी रस्त्याच्या कडेला खुरपी-विळे शेवटत, म्हणजे ठोकून त्यांची धार ताजी करत, बसलेली दिसतात. जमिनीत रोवलेली ऐरण, सांडशी धरलेला बाप्या आणि समोरून घण घालणारी त्याची बायको. लोखंड कुठल्या रंगावर बाहेर निघतं आणि कुठल्या रंगावर परत आत जातं, तेवढंच बघा. मला जे एका वर्षात कळलं नव्हतं ते तिथे दोन तासांत कळलं.

त्यांची भट्टी कोळशाची. आपल्याला शेजारी आहेत, त्यांचे वाळत घातलेले कपडेही आहेत, म्हणून गॅस. पण फ्लॅटच्या बाल्कनीत गॅसची भट्टीही नाही म्हणजे नाही. भट्टी चालू असताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. दोन बाजू उघड्या असलेली पत्र्याची शेड ही किमान अट. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर ती खाली साचते, म्हणून आजूबाजूला खड्डा, गटार किंवा तळघराचा जिना नको.

सिलिंडरचं एकदाच सांगतो. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारच दाब देतो, त्यावर ही भट्टी पेटत नाही. हॉटेलवाले वापरतात तसला, दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर आणि त्यावर दाब दाखवणारं गेज हवं. नळी एलपीजीसाठीचीच, भट्टीजवळ बंद करायला एक पितळी कॉक, आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. सिलिंडर कायम उभा.

डबा, म्हणजे भट्टीचं बाहेरचं कवच: २५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांब लोखंडी पाइपचा तुकडा नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीच्या भंगारात सहज मिळतो. जुना गॅस सिलिंडर कापायच्या भानगडीत पडू नका. तो तुमच्या मालकीचा नसतो, आणि कापताना उरलेला गॅस भडकून माणसं मेली आहेत.

आत इंचभर जाडीच्या, धग अडवणाऱ्या सिरॅमिक तंतूंच्या ब्लँकेटचे दोन थर. बाहेरच्या थराचा तुकडा ७८ सेंटिमीटर लांब, आतल्याचा ६३. अख्खा रोल विकत घ्यायची गरज नाही, औद्योगिक भट्ट्या बांधणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडून असतात. कापताना रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. हे तंतू फुप्फुसात गेले की सहजी बाहेर येत नाहीत, आणि भट्टीत तापून गेल्यावर ते आणखी वाईट होतात. म्हणून ब्लँकेट उघडं ठेवायचंच नाही. वर ६-८ मिलिमीटर कॅस्टेबलचा, म्हणजे धग सोसणाऱ्या सिमेंटचा, लेप द्या आणि तळाला फायरब्रिकची (भट्टीच्या विटेची) पातळ फरशी बसवा. लेप चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या. ओला लेप जोरात तापवला तर आतल्या वाफेने तो पापुद्र्यासारखा उडतो.

हे सगळं झाल्यावर आत साधारण साडेतेरा सेंटिमीटर व्यासाची, चार लिटरच्या आसपासची पोकळी उरते. पाऊण इंची एक बर्नर एवढीच जागा नीट तापवतो. डबा मोठा केला तर एका बर्नरचं काम नाही. लोक हौसेने मोठा डबा घेतात आणि मग तापत नाही म्हणून रडतात.

आता बर्नर. माझे तीन महिने इथे गेले.

रचना बघायला गेलं तर पोरखेळ आहे. नळाच्या दुकानात मिळणारी एक इंची टी (इंग्रजी T अक्षरासारखा जोड) घ्यायची, जिचं मधलं तोंड पाऊण इंची असतं. मधल्या तोंडात २० सेंटिमीटर लांबीची पाऊण इंची नळी बसवायची. टीची दोन मोठी तोंडं उघडी, तिथून हवा येते. मधल्या तोंडाच्या बरोब्बर समोर, टीच्या पाठीला भोक पाडून त्यातून गॅसचा जेट सोडायचा. जेट म्हणजे मिग वेल्डिंगची ०.८ ची, म्हणजे ०.८ मिलिमीटर तारेसाठीची, भोकाची पितळी-तांब्याची टिप. जेटमधून सुटलेली गॅसची बारीक धार हवेला ओढत नळीतून घेऊन जाते आणि नळीत दोन्ही मिसळतात. ना पंखा, ना वीज.

मी ते भोक हाताच्या ड्रिलने पाडलं. डोळ्यांना सरळ दिसत होतं. पेटवलं तर फट-फट आवाज, ज्योत मागे सरकून नळीत शिरली आणि टी तापून लाल. गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. एका अनुभवी म्हणवणाऱ्याने सांगितलं, गॅस कमी पडतोय, टिप मोठी लाव. १.२ ची लावली. भट्टीच्या तोंडातून हातभर पिवळी, काजळी ओकणारी जीभ निघाली आणि शेजारच्या काकूंच्या चादरींवर काळे ठिपके पडले. दुसऱ्याने रेग्युलेटर बदलायला लावला, तिसऱ्याने नळी. पैसे गेले, ज्योत तशीच.

खोट एवढीच होती की जेट दोन मिलिमीटर तिरका बसला होता. धार नळीच्या भिंतीवर आपटली की तिचा वेग मरतो, हवा ओढली जात नाही, आणि नळीतल्या मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी झाला की ज्योत उलटी चालत येते. फटफटण्याचं मूळ तिथे आहे. टिप मोठी करून तो आजार वाढतो.

म्हणून हे भोक घरी पाडू नका, हे मी हट्टाने सांगतो. टीच्या मधल्या तोंडात पाइपचा तुकडा घट्ट बसवा, तो लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) धरायला सांगा आणि समोरच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावून पाठीला भोक पाडून घ्या. नळीचा आणि भोकाचा मध्य आपोआप एक होतो. नाशिकसारख्या गावात लेथवाला शोधावा लागत नाही, त्याला वेळ आहे का एवढंच विचारावं लागतं. त्याच्याकडूनच पितळेचा छोटा होल्डर करून घ्या, एका टोकाला टिपसाठी ६ मिलिमीटरचे आटे, दुसऱ्या टोकाला गॅसच्या नळीचे.

घरी आणल्यावर पेटवायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. जेटच्या मागून इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी दाबा. धार नळीच्या दुसऱ्या टोकातून भिंतीला न शिवता बाहेर पडली पाहिजे. शिवली तर पेटवू नका, परत लेथवाल्याकडे जा. माझे तीन महिने या दोन मिनिटांत वाचले असते.

टिपच्या लांबीचं गणित वेगळं. टिप जितकी नळीच्या तोंडाजवळ, तितकी हवा कमी. सुरुवातीला टिप लांबच ठेवा आणि कानशीने थोडी थोडी आखूड करत चला. प्रत्येक वेळी भोकातला बूर, म्हणजे कापल्यावर उरलेली कुसळं, काढा. जास्त कापली गेली तर नवी टिप स्वस्तात मिळते. परदेशी व्हिडिओंमधली मापं डोळे झाकून उतरवू नका. तिकडे शुद्ध प्रोपेनवर काम चालतं. आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. प्रोपेनला जळायला आकारमानाच्या सुमारे २४ पट हवा लागते, ब्यूटेनला ३१ पट. तिकडच्या ०.९ च्या टिपवर आपली ज्योत हवेविना गुदमरते, म्हणून मी ०.८ म्हणतो.

आणखी दोन गोष्टी. नळी काळ्या लोखंडाची घ्या, जस्ताच्या मुलाम्याची नको. टी मुलाम्याची चालते, ती आगीपासून लांब असते. पण आगीजवळ जस्त जळलं की त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. भंगारातला मुलाम्याचा तुकडाही भट्टीत टाकायचा नाही, याच कारणासाठी. आणि नळीचं टोक पोकळीत डोकावू देऊ नका, अस्तरात इंचभर मागेच ठेवा. अस्तरातलं भोक आतल्या बाजूला किंचित पसरट करा, ज्योत तिथे पाय रोवून उभी राहते.

बर्नर उघड्यावर पेटवून त्याची पारख करू नका, बाहेर चांगला बर्नरही बिनसतो. भट्टीत बसवून, कागदाचा जळता बोळा आधी आत टाकून, मग गॅस सोडा. उलट क्रमाने केलंत तर भुवया जातील. पहिल्यांदा अर्ध्या बारवर दहा मिनिटं, थांबा, पुन्हा. अस्तर केशरी झालं की मग ज्योत बघा. बर्नरच्या तोंडाशी आखूड निळा शंकू आणि भट्टीच्या दारातून वीतभर फिकट जीभ, एवढंच हवं. जीभ लांबली तर गॅस जास्त. लोखंडावर जाड पापुद्रे धरायला लागले तर हवा जास्त. मी किंचित गॅसकडे झुकतं ठेवतो.

डिसेंबरात निफाडकडून गार वारं सुटलं की तासाभराने सिलिंडरवर दव धरतं आणि दाब उतरतो. सिलिंडर टबातल्या साध्या पाण्यात उभा करा. गरम पाणी, शेगडी, हीटर यातलं काहीही जवळ आणू नका.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा शोधू नका. तो बहुधा रेल्वेचा चोरीचा माल असतो आणि पकडला जाणारा तुम्हीच. फोर्जिंगच्या कारखान्यातून निघालेला जुना डाय ब्लॉक (साच्याचा पोलादी ठोकळा), चाळीसेक किलोचा, बाभळीच्या ओंडक्यावर बसवा. ताठ उभं राहून मूठ खाली सोडली की ऐरणीचा माथा बोटांच्या पेरांना लागावा.

पहिल्याच दिवशी ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता करायला घेऊ नका. १० मिलिमीटरचा साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) गज घ्या आणि भिंतीवरचे हूक करा, निदान वीस. केशरी-पिवळ्या रंगावर ठोका, लाल मंदावला की परत आत. पाटा नंतर. त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करायचं, ते तेलात, साध्या पाण्यात तो तडकतो, आणि लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर अजून थोडा तापवून.

काम संपलं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग कॉक. बर्नर वरून बसवला असेल तर तो लगेच काढून घ्या. नाहीतर आतली धग धुराड्यासारखी त्याच नळीतून वर चढते आणि तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत टिप भाजून निघते.