रोमचं परसदार: कलोसियमपासून दोन थांबे पुढे

कलोसियम आणि व्हॅटिकन टाळा, असं मी कुणाला सांगणार नाही. एवढ्या लांब येऊन ते पाहिलं नाही तर घरी परतल्यावर बोलणी खावी लागतील. ते उरकलं की मात्र एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. कलोसियमच्याच स्थानकावरून बी मार्गाची, लाउरेन्तिनाकडे जाणारी मेट्रो पकडा आणि दुसऱ्या थांब्याला, पिरामिदेला उतरा. तिथून तेस्ताच्चो, ओस्तिएन्से आणि गार्बातेल्ला या तिन्ही वस्त्या पायी होतात. हे रोमचं परसदार. तेल उतरवणं, गुरं कापणं, वीज तयार करणं, कामगारांची राहायची सोय करणं, अशी सगळी कामं शहराने इकडे नेऊन टाकली. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी इथे पिटाळते.

वार मंगळवार ते शनिवारमधलाच निवडा. सोमवारी वाटेतलं संग्रहालय बंद, रविवारी तेस्ताच्चोची मंडई बंद. मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालतं. पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच करता येतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नाझोने’ नावाचे ओतीव लोखंडाचे ठेंगणे नळ अखंड वाहत असतात. 1874 पासूनची ही सोय आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, म्हणजे वाकून तोंड लावायला नको.

स्थानकाबाहेर आलात की समोरच पिरॅमिड. खराखुरा. गायस केस्तियस नावाच्या श्रीमंत रोमनाची ही कबर, इ.स.पू. 18 ते 12 च्या दरम्यानची, सुमारे 36 मीटर उंच. काम 330 दिवसांत पुरं केल्याचं त्यावरच कोरलेलं आहे. तिसऱ्या शतकात शहराचा तट बांधताना हा पिरॅमिड तटातच चिणून घेतला. फोटो रस्त्यावरून काढू नका, तिथे ट्रॅफिक फार. मागे वळसा घालून बिगर-कॅथलिक दफनभूमीत जा. तिथल्या जुन्या भागातल्या हिरवळीवरून पिरॅमिड अगदी जवळून दिसतो, आणि तिथेच 1821 मध्ये पंचविसाव्या वर्षी गेलेला कवी कीट्स पुरलेला आहे. त्याच्या दगडावर त्याचं नाव नाही, त्यामुळे लोक समोरून निघून जातात. शेजारच्या, चित्रकार मित्र सेव्हर्नच्या दगडावरून ओळखायचं. इंग्लिश कवी शेली आणि इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी पलीकडच्या भागात. दारातल्या पेटीत थोडे युरो टाका, निगा त्यावरच राहते.

आता तेस्ताच्चोची टेकडी. माझ्या मते अख्ख्या रोममध्ये हिच्यासारखी जागा नाही. सुमारे 35 मीटर उंचीची ही टेकडी निव्वळ फुटक्या रांजणांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचं तेल तिबर नदीतून इथल्या धक्क्यावर यायचं. एकेका रांजणात सत्तर-एक किलो तेल. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, त्यामुळे रांजण परत वापरता येत नसे. मग फोडून खापऱ्या नीट रचायच्या आणि वास मरावा म्हणून वर चुना भुरभुरवायचा. कित्येक खापऱ्यांवर शाईने वजन, माल धाडणाऱ्याचं नाव, साल असा हिशेब लिहिलेला सापडला. कचऱ्यातून निघालेली ही रोमन साम्राज्याची रोजकीर्दच! वर चढायला आधी नोंदणी करावी लागते, पण तेवढी गरज नाही. पायथ्याशी टेकडीच्या पोटात खोदलेल्या खोल्या आहेत. आत गारवा राहतो म्हणून तिथे दारू साठवत. आज त्यांतल्या काहींत खाणावळी आहेत, आणि मागच्या भिंतीला काच लावून थरावर थर रचलेल्या खापऱ्या दाखवल्या आहेत. जेवायला अशीच एखादी गाठा.

समोरचा जुना कत्तलखाना 1975 ला बंद झाला, आता तिथे प्रदर्शनं भरतात. छताखालचे लोखंडी रूळ आणि आकडे अजून तसेच लटकत आहेत. इथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग शेपटी, आतडी, वजडी असा मिळायचा आणि त्यातूनच या वस्तीचं जेवण घडलं. मांसाहारी असाल तर शेपटीचा रस्सा, ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’, जरूर खा. शाकाहारी लोक ‘काचो ए पेपे’, म्हणजे चीज आणि मिरपूड घातलेला पास्ता, मागवतात. त्यातल्या पेकोरिनो चीजला कोकराच्या पोटातलं विरजण लागतं, हे कट्टर शाकाहाऱ्यांनी आधीच जाणून असावं. तीननंतर बहुतेक स्वयंपाकघरं थेट रात्रीपर्यंत बंद होतात, तेव्हा दीडला बसा.

दुपारी ओस्तिएन्से रस्त्याने दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटं चाला. रस्ता रटाळ आहे, पण पुढे चेन्त्राले मोन्तेमार्तिनी आहे. 1912 मध्ये सुरू झालेलं हे वीजकेंद्र, आता संग्रहालय. 1997 मध्ये कापितोलिनी संग्रहालयाच्या नूतनीकरणावेळी तिथल्या बऱ्याच मूर्ती इथे हलवल्या, त्यांतल्या पुष्कळ इथेच राहिल्या. काळ्याकभिन्न डिझेल इंजिनापुढे पांढरीशुभ्र संगमरवरी देवी उभी! वीजमंडळात आयुष्य गेलेले आमचे मामा व्हॅटिकनमध्ये खुर्ची शोधत होते. इथे मात्र एकेका दाबमापकाच्या तबकडीपाशी थांबून मामीला समजावत बसले. मामी मूर्ती बघत होती. दोघंही खूश.

शेवटी रुळांपलीकडे गार्बातेल्ला. 1920 मध्ये कामगारांसाठी वसवायला घेतलेली वस्ती. पायाभरणीची पाटी बेनेदेत्तो ब्रिन चौकात आहे. सुरुवात तिथून करा आणि नकाशा खिशात टाका. घरं ‘लोत्तो’ नावाच्या क्रमांकांच्या गटांत आहेत, मधे सामाईक अंगण, त्यात वाळत घातलेले कपडे. बरीच फाटकं उघडी असतात आणि आत गेलं तर कुणी हटकत नाही. तरी दारात दिसणाऱ्या माणसाला ‘बोनासेरा’ म्हणा, खिडक्यांचे आणि पोरांचे फोटो काढू नका, चारचौघांत बोलणं हळू ठेवा. आजी बाकावर बसलेल्या असतील तर त्याच बोलायला सुरुवात करतात. भाषा येत नाही याची त्यांना फिकीर नसते. परतायला गार्बातेल्ला स्थानक जवळच आहे, तिथून तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य रेल्वे स्थानक, पाचवा थांबा.