जेमीटरची टेस्ट संपली, आता जेटीएल फाइल उघडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं इंजिनिअरिंग करून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला टेस्टिंगमध्ये जातात. मीही तसाच गेलो आणि परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर किती भार पेलतं हे तपासण्यातच, रमलो. गावाकडच्या पोरांचे फोन येतात, "दादा, जेमीटर शिकलो, पुढं काय?" जेमीटर म्हणजे सर्व्हरवर खोट्या युजरांचा लोड टाकणारं टूल. या पोरांना मी एकच सांगतो : टेस्ट चालवायला कुणीही लवकर शिकतं, पगार मिळतो तो निकालाची फाइल वाचता येते म्हणून.

ही फाइल म्हणजे जेटीएल. टेस्ट कमांड लाइनवरून, म्हणजे कमांड टाइप करून, चालवा. जीयूआय (बटणं, मेनू असलेली विंडो) स्क्रिप्ट तयार करण्यापुरता ठेवा, मोठ्या लोडला तोच मशीन खातो. फाइल साधी सीएसव्ही (स्वल्पविरामानं वेगळे केलेले रकाने) असते, एका रिक्वेस्टला एक ओळ. पहिल्या रकान्यात १७१८००००००००० असा तेरा आकडी टाइमस्टॅम्प दिसेल. १ जानेवारी १९७० पासूनचे हे मिलिसेकंद. हा आकडा म्हणजे १० जून २०२४, यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) सकाळचे ६ वाजून १३ मिनिटं २० सेकंद, आपल्याकडे ११:४३:२०. सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत असतात. हे साडेपाच तास जुळवल्याशिवाय पुढचं काहीच जुळत नाही.

एक्सेलवर फार विसंबू नका. त्यात एका शीटला १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला हजार रिक्वेस्ट असतील तर साडेसतरा मिनिटांत शीट भरली. पायथन आणि त्यातली डेटा हाताळायची पांडाज लायब्ररी शिका, तेही ग्रुपबाय (ओळींचे गट पाडणं) आणि क्वांटाइल (पर्सेंटाइल काढणं) एवढं आधी.

आता सरासरी. समजा १०० रिक्वेस्टपैकी ९० ना २०० मिलिसेकंद लागले आणि १० ना ५,०००. सरासरी येते ६८०. पण ६८० मिलिसेकंद कुणालाच लागलेले नाहीत! मीडियन, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधला आकडा, २००. पंचाण्णवावा पर्सेंटाइल, म्हणजे ९५ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ, ५,०००. खरी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. आणि दोन टेस्टचे पर्सेंटाइल घेऊन त्यांची सरासरी कधी काढू नका. मूळ ओळी एकत्र करून पुन्हा मोजा.

फेल झालेल्या ओळी वेगळ्या काढा. ५०० चा एरर (सर्व्हरमधल्या बिघाडाचा कोड) पुष्कळदा १५-२० मिलिसेकंदांत परत येतो, त्यामुळं सर्व्हर कोसळत असताना रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो. ट्रान्झॅक्शन कंट्रोलर (अनेक रिक्वेस्टचा एक गट करणारा जेमीटरचा भाग) वापरला असेल तर त्याच्या ओळी आणि आतल्या रिक्वेस्टच्या ओळी दोन्ही फाइलमध्ये येऊ शकतात. सगळ्या मोजल्या की थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या रिक्वेस्टचा आकडा, फुगतं. सुरुवातीचा वॉर्मअपही, म्हणजे सर्व्हर स्थिरावेपर्यंतचा वेळ, वगळा.

मग दहा-दहा सेकंदांचे गट पाडून ग्राफ काढा. पूर्ण तासाचा एक आकडा बघून काही कळत नाही.

एक पडताळा मी दरवेळी करतो, लिटल्स लॉचा : युजरांची संख्या भागिले एका फेरीचा वेळ म्हणजे सेकंदाच्या रिक्वेस्ट. २०० युजर, रिस्पॉन्स २ सेकंद, थिंक टाइम (युजरचा दोन रिक्वेस्टमधला थांबा) ८ सेकंद, म्हणजे सेकंदाला २० रिक्वेस्ट यायला हव्यात. फाइलमध्ये १२ दिसल्या तर सर्व्हरला बोल लावण्याआधी आपली स्क्रिप्ट आणि लोड टाकणारा मशीन तपासा.

सरावाला कंपनी लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर कॉलेज प्रोजेक्टचं ॲप चढवा, त्यावर लोड द्या. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय लोड टाकायचा नाही, हे अगदी पक्कं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी रिपोर्टची धास्ती असते. आधी मित्राला मराठीत सांगा, मग लिहा. मॅनेजरला हवं असतं ते इतकंच : "३०० युजरपर्यंत थ्रूपुट वाढतं. पुढं ते थांबतं, वेळ वाढतो, आणि त्याच मिनिटाला डेटाबेसचा सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो." इंटरव्ह्यूला जाताना असा एक ग्राफ आणि त्याची जेटीएल फाइल बरोबर ठेवा, कुणी विचारलं तर तिथंच उघडून दाखवता येते.