दानीएल आणि प्रकटीकरणातले दिवस, महिने, काळ कसे मोजावेत

दर मंगळवारी संध्याकाळी भायखळ्याला आमच्या घरी आठ-दहा माणसं पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाला बसतात. त्यातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण उघडलं की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच कोणीतरी मोबाइल पुढे करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब आलेला असतो: अमुक राजा, अमुक साल, त्यात 1260 मिळवा, जगाचा शेवट या वर्षी. असा हिशेब पुढे पाठवणारा माणूस घाबरलेला असतो, म्हणून त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. मी वही पुढे सरकवते आणि आम्ही तोच हिशेब सुरुवातीपासून करायला बसतो.

सुरुवात अर्थापासून करायची नाही, आकड्यांपासून करायची. वहीच्या एका पानावर ही सात ठिकाणं एकाखाली एक लिहा: दानीएल 7:25 आणि 12:7, प्रकटीकरण 11:2, 11:3, 12:6, 12:14 आणि 13:5 (आधी अध्याय, मग वचन). समोर तिथला काळ लिहा. कुठे ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ आहे, कुठे बेचाळीस महिने, कुठे 1260 दिवस. आता 12:6 आणि 12:14 शेजारी ठेवून वाचा. तीच स्त्री, तेच रान, तोच सांभाळ. एकदा 1260 दिवस म्हटलं आहे, एकदा साडेतीन काळ. म्हणजे ‘काळ’ हे इथे वर्ष आहे, हे प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानानंच सांगून ठेवलं आहे. बाहेरची किल्ली शोधायची गरज नाही.

मग गुणाकार करून पाहा. 42 गुणिले 30 म्हणजे 1260. साडेतीन गुणिले 360 म्हणजेही 1260. महिना तीस दिवसांचा धरल्याशिवाय हे जुळत नाही. तीस कुठून आले, त्यासाठी उत्पत्तीतला जलप्रलय काढा. दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी पाणी सुरू झालं, सातव्या महिन्याच्या सतराव्या दिवशी नोहाचं तारू (जहाज) डोंगरावर टेकलं, आणि मधले दिवस 150 सांगितले आहेत. पाच महिने, 150 दिवस. हेही वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

इथे एक गोष्ट आपल्याला पटकन कळते. यहुद्यांचं कॅलेंडर आपल्या पंचांगासारखंच चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ घालायला त्यातही अधिक महिना येतो. त्यामुळे खरी साडेतीन वर्षं मोजली तर नेमके 1260 दिवस भरत नाहीत. हा घडवलेला, गोल आकडा आहे. जो माणूस त्यावरून विशिष्ट तारीख काढतो, तो त्या आकड्याला पेलणार नाही एवढं ओझं त्याच्यावर टाकतो.

मग साडेतीनच का? मला या अभ्यासातली हीच जागा सर्वांत आवडते. मराठी माणसाला साडेतीन अनोळखी नाही. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, साडेतीन शहाणे. आपल्याकडे त्या अर्ध्यालाही मान आहे. शास्त्रात मात्र साडेतीन म्हणजे मधेच तुटलेले सात. सात हा पूर्णतेचा आकडा, सृष्टीचा आणि शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाचा. या वचनांतल्या छळ करणाऱ्याला साडेतीन मिळतात, सात मिळत नाहीत. आणखी एक धागा पाहा. 1 राजे 18:1 मध्ये एलीया संदेष्ट्याच्या वेळच्या दुष्काळात ‘तिसऱ्या वर्षी’ पाऊस येणार असं म्हटलं आहे; पण लूक 4:25 आणि याकोब 5:17 तोच दुष्काळ साडेतीन वर्षांचा सांगतात. नव्या कराराच्या काळापर्यंत साडेतीन वर्षं ही संकटकाळाची ओळखच होऊन बसली असावी, असं मला वाटतं.

पुढची पायरी सगळ्यांत निसरडी: ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’. हा नियम हवेतून आलेला नाही. गणना 14:34 मध्ये हेरांनी देश हेरण्यात घालवलेल्या चाळीस दिवसांबद्दल इस्राएलाला चाळीस वर्षांची शिक्षा आहे. यहेज्केल 4 मध्ये संदेष्टा 390 दिवस एका कुशीवर आणि 40 दिवस दुसऱ्या कुशीवर निजतो, दर दिवस एका वर्षाबद्दल. पण दोन्हीकडे हे वचनातच उघड लिहिलं आहे. जिथे लिहिलेलं नाही तिथे हा नियम लावायचा तर तुमच्याकडे वेगळं कारण हवं. दानीएल 9 मधल्या सत्तर सप्तकांना असं कारण आहे. मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘सात-सात’ असा होतो. अध्यायाच्या सुरुवातीला दानीएल यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलेल्या यरुशलेमच्या ओसाडीच्या सत्तर वर्षांचा विचार करत बसला आहे, आणि लेवीय 25:8 मध्ये योबेल वर्षासाठी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी येणाऱ्या सुटकेच्या वर्षासाठी, वर्षांची सप्तकं मोजलीच आहेत. शिवाय पुढच्याच अध्यायात तीन आठवड्यांच्या उपासाबद्दल लिहिताना मूळ हिब्रूत ‘दिवसांची’ असा शब्द मुद्दाम जोडला आहे. म्हणून 70 गुणिले 7, 490 वर्षं, हे वाचन पक्क्या पायावर उभं आहे.

आता मोजायचं कुठून? बहुतेक मतभेद गुणाकारात नसतात, या प्रश्नात असतात. यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या आज्ञेपासून मोजा, असं दानीएल 9:25 सांगतं. पण कोणती आज्ञा? पारसाचा राजा कोरेश याची इ.स.पू. 538 ची, पुढचा राजा अर्तहशश्त यानं एज्रा या यहुदी शास्त्र्याला दिलेली 457 ची, की यहुदी पुढारी नहेम्या याला दिलेली 445 ची? 457 धरून 69 सप्तकं, म्हणजे 483 वर्षं पुढे गेलात तर इ.स. 27 येतं, येशूच्या बाप्तिस्म्याच्या आसपासचं साल. म्हणून अनेकांना ते पटतं. इतर अभ्यासक हा अध्याय इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या अंत्युखस राजाच्या छळापाशी संपवतात. हिशेब करताना एक खड्डा टाळा: इसवी सनात शून्य वर्ष नाही. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1.

दानीएल 8:14 मधला 2300 हा आकडा घेऊन हेच करून बघा. 457 पासून 2300 वर्षं मोजली की, शून्य वर्ष नसल्यामुळे, 1844 येतं. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या शिकवणीतून उभ्या राहिलेल्या चळवळीनं 22 ऑक्टोबर 1844 हा प्रभू येशूच्या पुन्हा येण्याचा दिवस धरला होता. हजारो लोक वाट पाहत राहिले आणि सकाळ उजाडली. ती माणसं मूर्ख नव्हती, प्रामाणिक होती. म्हणून तर ही गोष्ट मी दरवेळी सांगते. मूळ वचनात ‘2300 संध्याकाळ-सकाळ’ आहे. मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक अर्पण होई. त्यामुळे काही अभ्यासक ते 1150 दिवस धरतात आणि अंत्युखसानं इ.स.पू. 167 मध्ये मंदिर विटाळल्यापासून 164 मधल्या शुद्धीकरणापर्यंतच्या काळाशी जोडतात.

ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल, प्रकटीकरण 20, मंडळ्यांमध्ये जुने मतभेद आहेत. आपल्या पाळकांना विचारा, वेगळं मत धरणाऱ्या मंडळीतल्या एखाद्यालाही विचारा, आणि दोन्ही उत्तरं वहीत लिहा.

शेवटी प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारायचा: हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यातून काय मिळालं? स्मुर्णाच्या मंडळीला ‘दहा दिवस’ संकट येईल असं सांगितलं आहे, प्रकटीकरण 2:10. आमच्याकडे एका मावशींनी विचारलं, “दहा म्हणजे दहाच का गं?” मी त्यांना दानीएल 1 काढायला सांगितलं. तिथे चार तरुणांची शाकान्नावर दहा दिवस कसोटी झाली आहे. मावशींनी दोन्ही संदर्भ एकाखाली एक लिहिले, मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांना तारीख नाही सांगितली, हद्द सांगितली.” मला हे अजून कोणी इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही.

घरी एकट्यानं करून पाहायचं असेल तर प्रकटीकरण 9:5 मधले टोळांचे पाच महिने घ्या. जलप्रलयाचे 150 दिवस वहीत आहेतच.