सुपरमार्केटचं स्वस्त पेट्रोल गाडीत टाकताय? मग या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न फिरून फिरून येतोच. टेस्को, आस्डा, मॉरिसन्स, सेन्सबरीज यांच्या पंपावरचं पेट्रोल टाकलं तर चालेल ना, की शेल-बीपीचंच टाकायचं? मग कोणीतरी लिहितो की माझ्या मेकॅनिकने सांगितलंय टाकू नका, दुसरा म्हणतो मी वर्षानुवर्षं टाकतोय काही होत नाही, आणि विचारणारा बिचारा होता तिथेच.

तर आधी उत्तर देऊन टाकतो. यारिस, फोकस, गोल्फ, कश्काय असली साधी घरची गाडी असेल तर सुपरमार्केटचं पेट्रोल किंवा डिझेल बिनधास्त टाका, गाडीला काही होत नाही. लोकांचं नुकसान होतं ते त्याच्या आजूबाजूच्या भलत्याच गोष्टींमुळे.

स्वस्त म्हणजे भेसळ, हे डोक्यातून काढा

आपल्याकडे पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्याच्या बातम्या वाचत मोठे झालेले आपण, त्यामुळे लिटरमागे चार पेन्स कमी दिसले की पहिला संशय तोच येतो. पण ब्रिटनमध्ये कुठल्याही पंपावरचं पेट्रोल बीएस ईएन २२८ आणि डिझेल बीएस ईएन ५९० या स्टँडर्डमध्ये बसावंच लागतं, मग बोर्डावर नाव कोणाचंही असो. मूळ इंधन तर बऱ्याचदा त्याच रिफायनरीतून किंवा त्याच डेपोतून येतं, फरक पडतो तो टँकर भरताना, कारण प्रत्येक कंपनी आपापलं अॅडिटिव्ह, म्हणजे इंजेक्टर साफ ठेवणारं वगैरे केमिकल, तिथे मिसळते. मोठ्या ब्रँडच्या महागड्या पेट्रोलमध्ये ते जास्त असतं हे खरं, पण म्हणून साध्यामध्ये कचरा असतो असं नाही.

मग स्वस्त कसं परवडतं? एक तर खप प्रचंड, आणि दुसरं म्हणजे पेट्रोलला आलेला माणूस आत जाऊन ट्रॉली भरून बाहेर येतो, खरा धंदा तो. शिवाय किमतीतला मोठा हिस्सा सरकारचाच. मार्च २०२२ मध्ये ५ पेन्स कमी करून फ्युएल ड्युटी लिटरला ५२.९५ पेन्सवर आणली आणि त्यावर २० टक्के व्हॅट, हे टेस्कोलाही तेवढंच आणि शेललाही तेवढंच. उरलेल्यात कोण किती कमी-जास्त करणार?

आणि हो, सुपरमार्केट म्हणजे कायम स्वस्त असंही धरून चालू नका. सीएमए म्हणजे इथल्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२३ मध्ये रिपोर्ट दिला त्यात २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटवाल्यांनी लिटरमागे सरासरी ६ पेन्स मार्जिन वाढवलं असं निघालं. सगळ्यात स्वस्त बहुतेक तेच होते तरी पूर्वीइतके नाही. एकाच सुपरमार्केटच्या दोन गावांतल्या पंपांवर भाव वेगळे असतात, त्यामुळे पेट्रोलचे भाव दाखवणाऱ्या अॅपवर बघा आणि मग जा. पण बघून जाताना थोडा हिशोबही करा. ४० लिटर भरणार, फरक ४ पेन्सचा, म्हणजे वाचले १ पाउंड ६० पेन्स. त्यासाठी जाऊन-येऊन दहा मैल जास्त गाडी चालवली तर ४५ एमपीजीच्या, म्हणजे गॅलनला ४५ मैल देणाऱ्या गाडीला तिथेच लिटरभर पेट्रोल गेलं. आठवड्याची खरेदी करायला जातच असाल तर भरा, नुसतं त्यासाठी धावू नका. मोटरवे सर्व्हिसेसवर मात्र खरंच अडल्याशिवाय भरू नका, तिथले भाव बघून पोटात गोळा येतो.

गाडीचं प्रत्येक दुखणं पंपावर ढकलू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिझेल गाडी आहे, शाळा, स्टेशन, दुकान एवढंच तिचं फिरणं, आणि एक दिवस डीपीएफचा दिवा लागतो. लगेच निष्कर्ष, मॉरिसन्सचं डिझेल बाधलं! अहो, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, ती तापून काजळी जळायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं तरी चांगल्या वेगात चालावी लागते, दोन मैलांच्या फेऱ्यांत ती तापतच नाही. तिथे कितीही महागडं डिझेल ओता, जाळी तुंबायची ती तुंबणारच. रोजचं फिरणं एवढंच असेल तर मुळात डिझेल गाडी घ्यायलाच नको होती असं माझं मत आहे, पण ती वेळ गेली असेल तर निदान आठवड्यातून एकदा मोटरवेवर काढा.

दुसरी गंमत पेट्रोल गाड्यांची. टाकी भरली, पैसे दिले, किल्ली फिरवली तर गाडी नुसती खाकरते, पटकन चालू होत नाही, झाली तरी अर्धा मिनिट थरथरते आणि मग एकदम शहाणी. पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर भरलं तरी तेच. असं असेल तर पेट्रोलचा काही संबंध नाही, बहुतेक पर्ज व्हॉल्व्ह गेलाय. टाकीत जमणारी पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा हा छोटासा व्हॉल्व्ह, तो उघडाच अडकला की टाकी भरल्या भरल्या सगळी वाफ इंजिनात घुसते आणि गाडीला ठसका लागतो. तपासायला सोपं आहे, इंजिन थंड असताना चालू करायचं, व्हॉल्व्हला टाकीकडून येणारी नळी काढायची आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवायचं. बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये, बदला. स्कॅनर लावला तर पी०४९६ असा कोड दिसू शकतो. पार्ट फार महाग नसतो, पण कारण न कळल्यामुळे लोक आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्या ओततात. आणि नोझल टक करून बंद झाल्यावर रक्कम राउंड करायला अजून थोडं थोडं दाबत बसायची सवय असेल तर सोडा, वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल जाऊन तो आणि हा व्हॉल्व्ह दोन्ही खराब होऊ शकतात.

९९ ऑक्टेन टाकलं की गाडी पळते?

नाही पळत. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो तो वाचा. तिथे ९५ लिहिलं असेल तर ९९ टाकून जास्तीचे पैसे जातात, बाकी फारसं काही होत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दाबाखाली पेट्रोल अवेळी पेट घेत नाही एवढंच त्यातून कळतं. टर्बोवाल्या तापट गाडीवर ९८ लिहिलं असेल तर मात्र कंजुषी करू नका, आणि त्यासाठीही ब्रँडच हवा असं नाही, टेस्कोचं मोमेंटम ९९ ऑक्टेनचंच आहे. महाग पेट्रोलने व्हॉल्व्हवरचा कार्बन धुऊन निघतो असंही ऐकाल, पण हल्लीच्या बऱ्याच गाड्या डायरेक्ट इंजेक्शनच्या असतात, त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही, मग धुणार काय?

ई१० चं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं भूतही असंच. भारतातल्या ई२० वरच्या भांडणाचे फॉरवर्ड इथल्या ग्रुपवर येतात आणि लोक घाबरतात. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, ब्रँडेड पंपावरसुद्धा, त्यामुळे सुपरमार्केट टाळून ते टळत नाही. २०११ नंतरच्या सगळ्या नव्या पेट्रोल गाड्यांना चालतं, अॅव्हरेज टक्का-दीड टक्का कमी होतं इतकंच. त्याआधीची जुनी गाडी असेल तर सरकारी वेबसाइटवर चेक करा, चालत नसेल तर सुपर अनलेडेड म्हणजे ई५ घ्या.

नोझल उचलण्याआधी एकदा बघा

भारतात पंपावरचा माणूस झिरो बघा म्हणतो आणि भरतो, इथे सगळं आपल्याच हाताने. हिरवं पेट्रोल, काळं डिझेल, शिवाय नोझलवर खुणा असतात, पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन. डिझेलचं नोझल जाड म्हणून बहुतेक पेट्रोल गाडीत शिरत नाही, पण पेट्रोलचं डिझेल गाडीत आरामात जातं आणि घोळ तिथेच होतो. झालंच तर गाडी चालू करायची नाही, किल्ली नुसती ऑनसुद्धा करायची नाही कारण फ्युएल पंप लगेच फिरायला लागतो. गिअर न्यूट्रलला टाका, ढकलून बाजूला घ्या, काउंटरवर सांगा आणि टाकी रिकामी करून देणाऱ्याला बोलवा. त्याचे पैसे इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

पे अॅट पंपवर, म्हणजे पंपावरच कार्ड लावून २० पाउंडचं भरलं आणि अकाउंटमधून त्याच्या कितीतरी पट गेलेले दिसले तर घाबरून बँकेला शिव्या देऊ नका. ती आधी अडवून ठेवलेली रक्कम असते, खरा आकडा पोचला की उरलेले सुटतात, काही बँका वेळ लावतात. महिनाअखेरीला खात्यात कमी असेल तर आत काउंटरवर पैसे द्या, झंझट नाही.

आणि खरंच पेट्रोल खराब निघालं तर? होतं असं, क्वचित. २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडच्या आग्नेय भागात पेट्रोलमध्ये सिलिकॉन मिसळलं गेलं होतं, एसेक्समधल्या डेपोतून ते मुख्यतः सुपरमार्केटच्या पंपांवर गेलं आणि गाड्यांचे ऑक्सिजन सेन्सर उडाले. तेव्हा ज्यांच्याकडे पावती होती त्यांना दुरुस्तीचे पैसे मागणं सोपं गेलं, म्हणून पावती किंवा निदान कार्डाची एंट्री जपून ठेवा. भरल्यावर काही मैलांतच गाडी धक्के खायला लागली, इंजिनचा दिवा लागला, तर थांबा, चालवत राहू नका. गॅरेजवाल्याला टाकीतलं सॅम्पल स्वच्छ बाटलीत काढून ठेवायला सांगा आणि बिघाडाचं कारण त्याच्याकडून लेखी घ्या. पंपाला लगेच कळवा, कारण इतरांच्याही तक्रारी आल्या असतील तर तुमची केस तिथेच मजबूत होते. दाद लागली नाही तर सिटिझन्स अॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे दुकानदारांवर लक्ष ठेवणाऱ्या कौन्सिलच्या खात्याकडे पाठवतात. पेट्रोलही कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ खाली विकलेला मालच आहे.