संगीताचं मासिक काढताय? मग या चुका टाळा

मराठवाड्यात संगीताला वाहिलेलं मासिक काढायची कल्पना अधूनमधून कुणाच्या तरी मनात येते, आणि ती यायलाच हवी. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, नाथांचं पैठण, तुळजापूरचे गोंधळी आणि आराधी, गावोगावचे भीमगीतांचे जलसे, खुलताबादची कव्वाली एवढं सगळं ज्या भागात आहे, तिथं या विषयाचं नियतकालिक नसणं वाईटच. पण काम नेहमी चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आधी नाव ठरतं, मग मुखपृष्ठ, मग प्रकाशनाला पाहुणे कोण बोलवायचे ते. गठ्ठे छापखान्यातून घरी आले की मगच विचार होतो, की हे वाचणार कोण.

'सर्व संगीतप्रेमींसाठी'

ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. नुसता 'संगीतप्रेमी' असा वाचक आठही जिल्ह्यांत सापडत नाही. सापडतो तो सप्ताहात रोज रात्री कीर्तनाला साथ करणारा पेटीवाला. लातूरच्या क्लासमध्ये मध्यमा पूर्ण या संगीत परीक्षेची तयारी करणारी मुलगी सापडते. लग्नसराईत रोज वेगळ्या गावी वाजवणारी जालन्याकडची बेंजो पार्टी सापडते, आणि एप्रिलभर एका रात्रीचीही उसंत नसलेला भीमगीतांचा गायकही. पेटीवाल्याला अभंगाचे बिनचूक शब्द आणि चाल हवी असते, परीक्षा देणारीला रागाची माहिती आणि ताललिपी. बेंजोवाल्याला नव्या ऑक्टापॅडची आणि साउंडची माहिती हवी, गायकाला गाण्याचे हक्क आणि मानधन यांबद्दल कुणीतरी नीट सांगायला हवं. या चौघांना एकाच अंकात थोडं थोडं वाढलं, तर चौघंही अंक चाळून बाजूला ठेवतात.

एक मुख्य वाचक ठरवा आणि त्याच्या शेजारचा एक. ३२ पानांचा अंक असेल तर २० पानं मुख्य वाचकाची, ८ शेजाऱ्याची, उरलेली ४ जाहिराती आणि पत्रव्यवहाराची. भजनी मंडळ आणि परीक्षार्थी ही जोडी जमते, कारण पेटी, तबला आणि ताल दोघांच्याही रोजच्या वापरातले आहेत. बेंजो पार्टी आणि शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी ही जोडी कागदावर कितीही आकर्षक दिसली, तरी चालत नाही.

मोबाइलवरच्या फॉर्मला संशोधन समजणं

या चुकीवर सविस्तर बोलायला हवं, कारण घाई करणारे नवखे हमखास इथंच अडकतात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी तिघा-चौघा मित्रांनी मासिक काढायचं ठरवलं. त्यांनी मोबाइलवर दहा प्रश्नांचा फॉर्म केला आणि तो आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकला. दोन दिवसांत भरपूर उत्तरं आली. मासिक आवडेल का? हो. पन्नास रुपये परवडतील का? हो. मुलाखती हव्यात का? हो. एवढ्या भरवशावर हजार प्रती छापल्या. ओळखीपाळखीत आणि प्रकाशनाच्या दिवशी थोड्या खपल्या, बाकीचे गठ्ठे पावसाळ्यात ओल धरून खराब झाले.

चुका दोन झाल्या होत्या. पहिली म्हणजे उत्तरं देणारे सगळे त्यांच्याच वर्तुळातले होते: क्लासमधले सोबती, कॉलेजचे मित्र, नातेवाईक. ज्या भजनी मंडळांसाठी अंक काढायचा होता, त्यांतल्या साठीच्या मृदंगाचार्यांपर्यंत तो फॉर्म पोचलाच नाही. दुसरी चूक प्रश्नांतच होती. 'घ्याल का?' असं विचारलं की आपल्याकडं माणूस 'नाही' म्हणत नाही. पोरगं धडपडतंय, त्याचं मन कशाला मोडा, असा विचार करून माणूस 'हो' म्हणतो. त्या होकारावर छापखान्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

पुढं काय कराल यापेक्षा मागं काय केलंत ते विचारावं. गेल्या सहा महिन्यांत संगीतासाठी कशाकशावर पैसे गेले? उत्तरं फार बोलकी येतात: तबल्याची पुडी बदलली, पेटीचा भाता गळत होता तो दुरुस्त केला, परीक्षेची फी भरली, टाळांची जोडी घेतली. ज्या गोष्टीवर माणूस आधीच पैसे खर्च करतो, तिच्याबद्दलचं पान तो वाचतो. मग पुढचं विचारा. नवा अभंग बसवायचा तर चाल कुठून घेता? शब्दांत शंका आली तर कुणाला विचारता? शेवटचं छापील पुस्तक किंवा अंक कोणता घेतला, कितीला, कुठून? तो दाखवायला सांगा. अंक घरात नेमका कुठं ठेवलाय, त्यावरूनही खूप कळतं. पेटीच्या खोक्यात असेल तर तो वापरात आहे.

पंधरा ते वीस माणसं पुरतात, पण ती पाच-सहा वेगवेगळ्या गावांतली असावीत आणि निम्मी तरी चाळिशीच्या वरची. सप्ताह चालू असताना काकडा ते हरिपाठ या मधल्या वेळात मंडळी निवांत असतात, तेव्हा गाठा. कीर्तन उभं राहायच्या अर्धा तास आधी वही काढून बसाल, तर कुणी धड बोलणार नाही. आणि उत्तर लिहून घेताना त्यांचेच शब्द लिहा. तुमच्या भाषेत सुधारून लिहिलं, की त्यातला अर्धा अर्थ जातो.

डमी न करता छापणं

कागदाच्या घड्या घालून, हातानं चिकटवून का होईना, एक पूर्ण डमी अंक करा. तो मुख्य वाचकाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो कोणतं पान आधी उघडतो, कुठं थांबतो, चष्मा कधी काढतो, ते बघा. पेटीवाला अंक हातात धरत नाही, पेटीवर उघडा ठेवतो. म्हणून जाड पाठीची चिकट बांधणी त्याच्या कामाची नाही, पान आपोआप मिटतं. मधे पिना मारलेला अंक सपाट पडतो. चकचकीत आर्ट पेपरवर देवळातल्या ट्यूबलाइटचा उजेड असा चमकतो की ओळ दिसत नाही. आतल्या पानांना ७० किंवा ८० जीएसएम वजनाचा साधा, न चमकणारा मॅपलिथो कागद घ्यावा, चकचकीत कागद मुखपृष्ठापुरता. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको, अभंगाचे शब्द १४ मध्ये. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि ती भरायला कुणाची तरी कविता शोधावी लागते.

स्वरलिपीचा गोंधळ

स्वरलिपी म्हणजे गाण्याचे स्वर आणि ताल खुणांनी कागदावर लिहिणं. संगीताच्या मासिकाची पत राहते ती इथं, आणि जाते तीही इथंच. तरी हे काम सर्रास डीटीपीवाल्यावर सोपवून संपादक मोकळे होतात.

लिहिण्याच्या पद्धती दोन, भातखंडे आणि पलुस्कर. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाचं टिंब स्वराखाली, तार म्हणजे वरच्या सप्तकाचं स्वरावर. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम, तिची खूण ×; टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा म्हणजे खाली, तिची खूण ०. पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्र सप्तकाचं असतं आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. तिथं सम १ नं दाखवतात, खाली + नं. म्हणजे तेच टिंब, त्याच जागी, पण सप्तक उलटं. एका लेखकानं एका पद्धतीत दिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीत, आणि संपादकानं दोन्ही जसंच्या तसं छापलं, तर शिकणारं पोरगं खालच्या निषादाऐवजी वरचा निषाद गाठायला जातं. एकच पद्धत ठरवा आणि प्रत्येक अंकात पान दोनवर तिच्या खुणा छापा.

याहून वाईट प्रकार मजकूर चिकटवताना होतो. कोमल स्वराखालची रेघ ही टाइप करताना दिलेली अधोरेखा असते. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेला किंवा साधा मजकूर म्हणून चिकटवला, की रेघा गळून पडतात. भैरव रागात रिषभ आणि धैवत कोमल. रेघा गेल्या की उरतात ते सगळे शुद्ध स्वर, आणि भैरवाच्या मथळ्याखाली बिलावलाचं सप्तक छापून येतं. पान दिसायला स्वच्छ असतं, म्हणून मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही ते सुटतं.

माझी सवय अशी: स्वरलिपी सलग मजकुरात कधीच ठेवायची नाही. प्रत्येक मात्रेला एक चौकट असलेला तक्ता करायचा. त्रितालाला १६ चौकटी, दर चारांनंतर विभागाची रेघ. रूपकाला ७, तीन-दोन-दोन अशा, आणि पहिल्याच मात्रेवर खालीची खूण, ती सम समजून बदलायची नाही. लेखकाकडून हस्तलिखिताचा स्वच्छ फोटोही मागवायचा. मुद्रित डोळ्यांनी तपासायचं नाही, पेटीवर वाजवून तपासायचं. लेखाशी ज्याचा संबंध नाही अशा वादकानं, छापलंय तेवढंच वाजवायचं. चूक पहिल्याच आवर्तनात ऐकू येते. या कामाला एक संध्याकाळ जाते आणि ती वाचवायला बघणाऱ्यानं संगीताच्या मासिकाच्या वाटेला जाऊ नये. स्थायी आणि अंतरा हे गाण्याचे दोन भाग समोरासमोरच्या पानांवर यावेत, वाजवता वाजवता पान उलटायला हात मोकळा नसतो.

आणि हे सगळं परीक्षार्थींसाठी. भजनी मंडळातले बहुतेक जण कानानं शिकतात. त्यांना स्वरलिपीपेक्षा पूर्ण शब्द, ठेका, पट्टी (काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती) आणि चाल ऐकायला क्यूआर कोड जास्त उपयोगी. कोड निदान दोन सेंटिमीटरचा छापा आणि तो छापून, साध्या मोबाइलवर उघडून बघा.

वेळापत्रक वाचकाच्या पंचांगावर बसवा

वर्गणी गोळा करायला जूनमध्ये फिरू नका. पेरणीच्या दिवसांत गावात पैसाही नसतो आणि माणूसही घरी भेटत नाही. सोयाबीन-कापूस विकल्यावर, दिवाळी ते संक्रांत हा काळ वर्गणीचा. आषाढात निम्मी भजनी मंडळं पंढरीच्या वाटेवर असतात, तेव्हा आलेला अंक घरी पडून राहतो. वारीला नेण्याजोगं काही द्यायचं तर ते ज्येष्ठ लागायच्या आत हातात पडावं. आराधी-गोंधळ्यांना आश्विनातल्या आणि पौषातल्या नवरात्रात मुलाखतीसाठी छळू नका. भीमगीतांच्या कलावंतांना एप्रिलमध्ये गाठू नका, पावसाळ्यात ते निवांत बोलतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, असतात. परीक्षेच्या तयारीचा अंक त्याआधी किमान दोन महिने हवा. परीक्षेच्या आठवड्यात आलेला अंक कुणी उघडत नाही.

पुण्या-मुंबईची नक्कल

डिसेंबरातल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा वृत्तान्त लोकांनी वर्तमानपत्रात आधीच वाचलेला असतो. तुमच्याकडं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडं नाही. गायक नाथराव नेरळकरांसारख्या गुरूंनी इथं घडवलेले शिष्य, परभणीच्या राजारामबापू कदमांची गोंधळाची परंपरा, संबळ आणि चौंडकं बनवणारे कारागीर, पखवाजाला कणीक किती आणि कशी लावायची हे सांगणारे जुने वादक, यांवर पानं खर्च करा. मुलाखत देणाऱ्याची बोली घासूनपुसून पुस्तकी करू नका.

थोडक्यात सांगण्याजोग्या गोष्टी

गाण्याचे पूर्ण शब्द छापण्याआधी हक्क तपासा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत ते वारसांकडे किंवा ज्यांना दिले त्यांच्याकडे असतात. संतांच्या अभंगांना ही अडचण नाही, पण आधुनिक संपादकाच्या टिपा आणि चाली त्याच्या स्वतःच्या असतात.

इंटरनेटवरून उचललेला फोटो छापला की धुरकट येतो. छपाईच्या आकारात ३०० डीपीआय हवा.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी लावताना वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू करा. वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात ते ती बंद असल्यानं.

जाहिरातीसाठी मोठ्या दुकानांच्या मागं लागण्याआधी वाद्यदुरुस्तीवाला, मंडपवाला, साउंडवाला यांना भेटा. त्यांचं गिऱ्हाईक तुमचाच वाचक असतो.

किंमत ठरवताना विक्रेत्याचा वाटा विसरू नका. समजा अंक ४० रुपयांचा आणि विक्रेत्याला ३० टक्के, तर हातात २८ येतात. छपाई, टपाल, मानधन आणि न खपलेल्या प्रती हे सगळं त्यातच बसवायचं. छपाईच्या प्लेटचा खर्च ३०० प्रतींना जेवढा, तेवढाच १००० ला, म्हणून छापखानेवाला जास्त प्रतींचा आग्रह धरतो. पहिल्या अंकाला वर्गणीदार आणि त्यांवर पन्नासेक प्रती, एवढंच छापा. संख्या अगदी कमी असेल तर डिजिटल छपाईचा दर आधी विचारा.

नाव फलकावर रंगवण्याआधी ते मिळतंय का ते बघा. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू आहे आणि शीर्षक व नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर करावा लागतो. पसंतीची चार-पाच नावं तयार ठेवा, आणि मंजुरी हातात येईपर्यंत पावतीपुस्तकं छापायला टाकू नका.